कुसुम शेलारचं ‘कधीच नाही’

तुम्ही कधी अभिमानाने खोटं बोलला आहात का? भीतीने नव्हे, लोभानेही नव्हे; चांगली मान ताठ करून, ऐटीत? आणि त्या एका वाक्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास गेला, असं कधी झालंय? लगेच ‘छे’ म्हणू नका. कुसुम शेलारही तेच म्हणाली असती.

कुसुम कोलकात्यात पोळ्या करते. स्वयंपाक नाही, धुणंभांडी नाही, फक्त पोळ्या. न्यू टाउनला कंपन्यांच्या इमारतींभोवती राहत्या टॉवरांचं जे रान उगवलंय, त्यातल्या एका सात टॉवरांच्या कॉम्प्लेक्समध्ये तिची सहा मराठी घरं आहेत. या शहरात रुटी मिळते, लुची मिळते, पराठा मिळतो. पण पदर सुटलेली, हातात घेतली की रुमालासारखी पडणारी घडीची पोळी मिळत नाही. बदलीवर आलेल्या मराठी माणसाला पहिला महिना माशांचं कौतुक असतं, दुसऱ्या महिन्यात पोळी आठवायला लागते आणि तिसऱ्यात कुणीतरी त्याला कुसुमचा नंबर देतं.

ती मूळची वाईकडची. नवरा मनोहर लष्कराच्या कचेरीत कारकून. वर्दीतला नव्हे, साध्या कपड्यातला. खडकीहून त्याची बदली फोर्ट विल्यमला झाली, तेव्हा कुसुम लेकीला कडेवर घेऊन इथे उतरली. नऊ वर्षांपूर्वी तो ऑफिसातच छातीत कळ येऊन गेला. दिवस करायला ती सासरी गेली. तेराव्याच्या पंगती उठल्या आणि सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “तोंड काळं नि पाय पांढरे. असलं ध्यान आमच्याच नशिबी.” कुसुम आत पाटा धूत होती. तिने पाटा भिंतीला लावला, हात पुसले, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरून दहा वर्षांच्या नूपुरला घेऊन कोलकात्याला परत आली. केष्टोपूरला खालाच्या कडेला एक खोली घेतली. खाल म्हणजे कालवा. नाव मोठं, पाणी काळं. ‘माझ्याच रंगाचं आहे, जमेल आमचं,’ असं ती खोली दाखवणाऱ्याला म्हणाली होती.

तर अशी ही बाई. काळी, उंच, तोंडाने फटकळ, कुणापुढे हात न पसरणारी. कॉम्प्लेक्समध्ये जवळजवळ ऐंशी बायका कामाला येतात. त्यांना ‘ए मासी’ म्हणतात. कुसुमला मात्र ‘कुसुमताई’. बाकीच्या मागच्या लिफ्टने जातात. त्याच लिफ्टमधून कचरा जातो, गॅसचा सिलिंडर जातो, फिरायला निघालेलं कुत्रं जातं. कुसुम पुढच्या, आरशाच्या लिफ्टने जाते. कुणी तशी परवानगी दिली नव्हती. ती पहिल्या दिवशी तशी चढली आणि कुणाची अडवायची छाती झाली नाही. नंतर तो रिवाजच झाला. “कुसुमताई आपल्यातल्याच आहेत,” असं घरवाल्या म्हणत, आणि ते ऐकलं की तिच्या पाठीचा कणा आणखी बोटभर ताठ होई.

दोन नंबरच्या फाटकावर पेमा आली ती दीड वर्षापूर्वी. पेमा लेपचा, वय सव्वीस, कालिम्पोंगच्या वरच्या अंगाच्या गावातली. निळी वर्दी, केस असे घट्ट बांधलेले की डोळे आणखी ताणले जावेत. कामावरून जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायचं काम तिचं. रहिवासी तिला ‘चिंकी’ म्हणत, पोरं ‘मोमो’ म्हणत, जे स्वतःला सभ्य समजत ते विचारत, “तू नेपाळची का?” आधार कार्ड दाखवून दाखवून तिच्या कार्डाचे कोपरे गोल झाले होते.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने कुसुमला हटकलं. “दीदी, बॅग.”

कुसुमला आधी वाटलं मागच्या कुणाला म्हणतेय. “मेरी? मेरी बॅग? इतने साल में किसी ने हात नहीं लगाया!”

“रूल है, दीदी.”

कुसुमने पिशवी उघडली नाही. तिच्यातलं स्वतःचं शिसवी लाटणं ओढून काढलं. दुसऱ्याच्या लाटण्यावर तिचा हात बसत नाही. “ये देख! बेलन है. तेरे जैसी चिंकी को सीधा करने के काम आता है!”

मागे रांगेत उभ्या बायका खिदळल्या. पेमा हसली नाही, चिडलीही नाही. तिने वहीत शांतपणे लिहिलं: बेलन, एक. मग सुपरवायझर धावत आला, “अरे, इनको जाने दो,” म्हणाला, आणि प्रकरण मिटलं. त्या दिवसापासून कुसुम फाटकातून निघाली की पेमा तिच्या पिशवीकडे बघत नसे. रांगेतल्या पारुलने मात्र ते मनात ठेवलं. पारुल चार नंबर टॉवरमध्ये लादी पुसते. पहाटे क्यानिंगकडून गाडीने सियालदहला, तिथून बसने इथे. तिची पिशवी रोज उघडली जायची, डब्याच्या झाकणासकट.

आता मूळ गोष्ट. सात टॉवर, साडेसहाशे घरं, एकेका घरात तीन-तीन बाथरूम. आणि कामाला येणाऱ्या ऐंशी बायकांसाठी एकही नाही. पुरुष ड्रायव्हर, पुरुष गार्ड जनरेटरच्या मागे भिंतीला उभे राहतात. बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. एवढं साधं उत्तर आहे, आणि ते कुणी विचारत नाही.

कुसुमची स्वतःची पद्धत होती. पहाटे पाचला अर्धा कप चहा. मग दुपारी एकपर्यंत थेंब नाही. तव्यापाशी घाम गाळायचा, जीभ टाळूला चिकटली तरी घोट घ्यायचा नाही. एक वाजता शेवटच्या घराची शेवटची पोळी उतरवली की ती खाली यायची, मान ताठ, पावलं मात्र बारीक, एकमेकांना चिकटून. फाटकातून बाहेर, सिग्नल ओलांडून बस थांब्याजवळच्या पैसे देऊन जायच्या शौचालयात. तिथून निघाली की बाटलीभर पाणी एका दमात. दोनदा जळजळ होऊन ताप आला, सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण ओरडली. तरी तिने कुठल्या घरात कधी विचारलं नाही. कुणी तिला कधी म्हटलंही नाही. न विचारण्यालाच ती अब्रू समजे.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी पारुल फाटकाजवळ मटकन खाली बसली. पाळी आलेली, साडी मागून भिजलेली. मालकिणीने सांगितलं होतं, “घरी जाऊन बदल.” घर क्यानिंगच्या पुढे. पेमाच्या कमरेला क्लबहाउसची किल्ली होती. क्लब रहिवाशांसाठी संध्याकाळी उघडतो, दिवसा किल्ली गार्डकडे. पेमाने पारुलला उठवलं, क्लबच्या बायकांच्या बाथरूममध्ये नेलं, आणि बाहेर पाठ करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आठवड्यात पंधरा. बाराच्या सुमारास एकेक जायची, पेमा पहारा द्यायची, आणि जाणारी नळ सोडून फरशी धुऊन निघायची.

हे किती दिवस लपणार? कुणीतरी वरून पाहिलं. कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप गटावर आग लागली. ‘आमच्या क्लबमध्ये कामवाल्या?’ इथपर्यंत ठीक. मग कुणीतरी लिहिलं की या चिंकी, पहाडी मुलींचं असंच असतं, दार लावून आत काय चालतं देव जाणे. त्याखाली तीस अंगठे. ज्या बाथरूमचा प्रश्न होता ते बाजूलाच राहिलं आणि पेमाचे डोळे, पेमाचं गाव, पेमाचं चारित्र्य यांची पंचाईत सुरू झाली.

महिला समितीची बैठक वैदेही कर्णिक यांच्या दिवाणखान्यात बसली. वैदेहीताई वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नूपुरच्या कॉलेजचे अर्ज तिने स्वतः बसून भरले होते. बायकांच्या सुरक्षिततेसाठी शहरभर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा तिने कॉम्प्लेक्समधल्या दीडशे बायका बाहेर काढल्या, कुसुमला स्वतःच्या गाडीतून नेलं, हातात फलक दिला. बंगालीत काय लिहिलंय ते कुसुमला वाचता येत नव्हतं, पण तिने तो सगळ्यांत उंच धरला. त्या दिवशी मोर्चासाठी दोन नंबरचं फाटक सताड उघडून दिलं ते पेमाने. ती तिथेच राहिली. फाटकावर कुणीतरी हवंच ना.

बैठकीत नऊ बायका होत्या, बहुतेक मराठी. कुसुम आत कणीक मळत होती. कान इकडेच. प्रेमलताबाई, बँकेच्या निवृत्त साहेबांच्या पत्नी, म्हणत होत्या, “काढून टाका त्या मुलीला. एकीला सोडलं की उद्या सगळ्या सोफ्यावर बसतील.”

“असं एकतर्फी नको,” वैदेही म्हणाली. “आपण बायकांची समिती म्हणवतो. काम करणाऱ्या बाईलाच विचारू. कुसुमताई, एक मिनिट या ना.”

कुसुम आली. हात कणकेने भरलेले, म्हणून कोपरापासून वर धरलेले.

“मोकळेपणाने सांगा हं. तुम्ही आठ वर्षं येताय. सकाळी सहापासून एकपर्यंत इथे असता. तुम्हाला कधी टॉयलेटची अडचण आली?”

अठरा डोळे तिच्याकडे लागले. क्षणभर तिच्या मनात काय काय येऊन गेलं! हो म्हटलं तर या नऊजणी आपल्याला तशा अवस्थेत डोळ्यांपुढे आणणार. हो म्हटलं तर आपण मागच्या लिफ्टच्या. आणि वर ती वहीवाली चिंकी, जिने आपल्या लाटण्याची नोंद केली, ती बरोबर ठरणार.

“नाही बाई,” कुसुम म्हणाली. “कधीच नाही. सवयीचा प्रश्न असतो. माणसाने मनात आणलं तर काही अडत नाही.”

“बघा!” प्रेमलताबाईंनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात संस्कार.”

वैदेहीने ते लिहून घेतलं. आणि पान उलटता उलटता तिने आणखी एक सांगितलं: “आणि हो कुसुमताई, आठ मार्चला तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. कष्टकरी स्त्रीचा आवाज. मी लिहून देते. यंदा हळदीकुंकूही आहे, सगळ्यांना. सवाष्ण-विधवा काही नाही. तुम्हाला पहिलं कुंकू मी लावणार.”

कुसुम आत गेली. नऊ वर्षं तिच्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्या दिवशी वैदेहीच्या घरी एक पोळी करपली. कुसुमच्या हातून पोळी करपली ही बातमीच म्हणायची.

आठवडा गेला. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पारुलने तिला गाठलं.

“बहुत अच्छा किया, कुसुमदी. पेमा का नौकरी खा लिया. पेट भरा?”

“मैंने? मैंने क्या किया?”

“सुपरवायझर ने कागज पढ़ के सुनाया. लिखा है, काम करने वाली औरत खुद बोली, जरूरत नहीं. तुमको तो लगता ही नहीं!” पारुलने चहाचं भांडं खाली ठेवून हात जोडले. “हमको मालूम नहीं था, तुम देवी है. देवी लोग को नहीं लगता.”

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. कुसुमने अर्धा चहा टाकून दिला.

ती तशीच फाटकाशी गेली. पेमा बॅरिकेडला टेकून उभी होती. दहा मार्चला तिची नोकरी संपत होती. नोकरीबरोबर एजन्सीने दिलेली खोलीही. त्या खोलीत तिची धाकटी बहीण राहायची, अकरावीतली. दुसरी खोली? गेल्या वर्षी पेमाने अकरा दारं ठोठावली होती. ‘तुमच्यात रात्री लोक येतात-जातात,’ ‘तुम्ही काय काय शिजवता, वास येतो,’ ‘फॅमिलीला देतो आम्ही.’ अकराही ठिकाणी तोंड बघून नकार. म्हणजे नोकरी गेली की दोघी बहिणी परत डोंगरात आणि धाकटीची शाळा संपली.

हे सगळं पेमाने तीन वाक्यांत सांगितलं, तेही कुसुमने खोदून विचारलं म्हणून.

“तुझे पता था, मैं झूठ बोली?” कुसुमने विचारलं.

“मैं गेट पे खड़ी रहती हूँ, दीदी. एक बजे आप कैसे चल के निकलती हैं, रोज देखती हूँ.”

“फिर बोली क्यों नहीं? साहब लोगों ने बुलाया था ना तुझे?”

पेमाने तिच्याकडे बघितलं. “वो आपकी बात थी. मैं कैसे बोलती?”

कुसुम घरी आली ती पाय ओढत. जिला आपण चारचौघींत ‘चिंकी’ म्हणून हिणवलं, तिने आपली झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. स्वतःची भाकरी चुलीत जात असताना. आणि आपण?

नूपुर जेवायला बसली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी बोलते, पण मधेमधे बंगालीच्या वळणाने घसरते. सगळं ऐकून म्हणाली, “आई, तू खोटी गोष्ट बोललीस, आणि ती त्यांनी लिहून ठेवली.”

“मला काय माहीत नोकरी जाईल!”

“ते नाही माहीत. पण तिला टोचायचं होतं ना?” नूपुरने ताट सरकवलं. “मला शाळेत बर्गी म्हणायचे, आठवतं?”

आठवत होतं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठी स्वार बंगालवर लूट करत आले, त्यांना इथे बर्गी म्हणतात. अजून पोरांना त्यांच्या नावाने भीती घालतात. नूपुर काळी, वर मराठी. वर्गात ‘काली बर्गी’ झाली. कुसुमने शाळेत जाऊन हेडबाईंचं टेबल हाताने बडवलं होतं.

“माझ्यासाठी तू होतीस,” नूपुर म्हणाली. “पेमादीचं कोण आहे?”

“आणि सहा घरं गेली तर? तुझं एक वर्ष उरलंय.”

नूपुर उगाच ‘होईल काहीतरी’ म्हणाली नाही, हे त्या पोरीचं खरेपण.

पुढचे दिवस वैदेहीने लिहून दिलेलं भाषण कुसुमने पाठ करायचा प्रयत्न केला. ‘मी एक स्वाभिमानी, स्वावलंबी स्त्री आहे.’ पहिल्याच वाक्याला जीभ अडखळे. स्वाभिमान! त्याच्यापायीच तर हे झालं होतं. तिला स्वतःची खात्री वाटेना. माईकपुढे उभी राहिले, समोर जरीच्या साड्या दिसल्या, कपाळाला कुंकू लागलं, की आपण पुन्हा मान ताठ करून तेच बोलणार. स्वतःच्या जिभेला ती चांगली ओळखत होती.

आठ मार्च, रविवार. त्या सकाळी पहिल्या घरात शिरताच कुसुमने माठातून तांब्याभर पाणी काढलं आणि गटागटा प्यायली. दुसऱ्या घरात पुन्हा. चौथ्या घरात बाईंनी विचारलं, “उन्हाळा लागला वाटतं, कुसुमताई?” ती म्हणाली, “हो, लागला.” जिभेवर भरवसा नव्हता, म्हणून तिने अंगाला कामाला लावलं.

अकराला क्लबच्या हॉलमध्ये पडदे, फुगे, जांभळी फीत. पारुल आणि आणखी सहाजणी समोसे वाटायला. बाथरूमच्या दाराला नवं कुलूप. त्याची किल्ली आता समितीकडे, म्हणजे वैदेहीच्या पर्समध्ये. हॉलच्या दाराशी वही घेऊन पेमा. तिचे शेवटचे दोन दिवस. वैदेहीने कुसुमच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. बोट गार होतं, आणि वैदेहीचे डोळे खरोखर भरले होते. टाळ्या झाल्या. कुसुमने डोळे मिटले. मनोहरचा चेहरा आला, गेला. मग माईक हातात आला.

“मी कुसुम मनोहर शेलार,” ती म्हणाली. “ताईंनी भाषण छान लिहून दिलंय. पण मला ते आत्ता वाचवणार नाही. मला लघवीला लागलीय.”

मराठी बायकांनी शेजारणींच्या कानात अर्थ सांगितला, आणि हशा पिकला.

“हसा. सकाळपासून मुद्दाम पाणी पिऊन आलेय. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी ताईंच्या घरी मी म्हटलं, मला कधीच अडचण आली नाही. खोटं बोलले. रोज येते. तुमची कणीक मळताना येते, पोळी लाटताना येते. दोनदा आजारी पडले. तोंडाने सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, न सांगण्यात माझा मोठेपणा. तुम्ही तो मोठेपणा कागदावर लिहिलात आणि त्या पोरीच्या गळ्यात बांधलात.” तिने दाराकडे हात केला. पेमाला मराठी कळत नव्हती, पण हात कळला. “तिला तुम्ही चिंकी म्हटलंत व्हॉट्सअॅपवर. मी तोंडावर म्हटलं. मी जास्त शहाणी आहे असं नाही. मला काळी म्हणाले तेव्हा लागलं होतं. तिला म्हणताना हसू आलं. पण एवढ्या बायकांत दार एकीनेच उघडलं, आणि ती ही पोरगी.”

“हे काय बोलायचं व्यासपीठ आहे का?” प्रेमलताबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या.

“नाही ना, बाई? मग तुम्हीच सांगा, कुठे बोलू? आज मला कुंकू लावलंत. नऊ वर्षांनी. मरेपर्यंत विसरणार नाही. पण बायांनो, कपाळापर्यंत आलात, आता जरा खालचंही बघा. माझी सहाही घरं इथे बसलीयत. कुणाच्या घरी जाऊ?”

माईक घूं करत राहिला. सहाजणींपैकी कुणी पदर बघत होती, कुणी फोन. कुसुम पायाला पाय चिकटवून उभी. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरायला लागलं.

वैदेही उठली. चेहरा लाल. “कुसुमताई, आपण नंतर बोलू ना.”

“नंतर नाही, ताई. ही नंतरचं ऐकत नाही.”

मागून पारुल फिस्सकन हसली. तिला शब्द कळले नसतील. कुसुमचं उभं राहणं कळलं. तिच्यामागे सहाजणी हसल्या. आणि वैदेही कर्णिक, जिने दीडशे बायका रस्त्यावर काढल्या होत्या, ती स्वतःच्या पर्सकडे बघत तशीच उभी राहिली. चार श्वास, पाच श्वास. मग तिने पर्स उघडली. किल्ली काढली. दाराशी गेली. नवं कुलूप, किल्ली फिरेना. पेमा वही ठेवून पुढे आली, किल्ली थोडी बाहेर ओढून फिरवली, आणि दार उघडलं.

कुसुम आत गेली. अख्खा हॉल ऐकत बसला. फ्लशचा आवाज इतक्या आदराने कोलकात्यात कुणी ऐकला नसेल. ती बाहेर आली तर दारापाशी समोशांचे ट्रे खाली ठेवून सातजणी रांगेत उभ्या.

याला विजय वगैरे म्हणू नका. दुसऱ्या दिवशी दोन घरांनी कुसुमला निरोप दिला. एकीने पोळ्यांचं मशीन घेतलं, दुसरीने कारणही दिलं नाही. नूपुरने शिकवण्या धरल्या. वैदेही दहा दिवस बोलली नाही; अकराव्या दिवशी तिने गटावर लिहिलं की ठराव चुकीच्या माहितीवर झाला होता, आणि त्याहून मोठी चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती, ती तिची स्वतःची. पेमाची दहा तारीख टळली आणि तिला ‘ताकीद’ देऊन फाटकावर ठेवलं. ताकीद कसली, ते कुणी तिला सांगितलं नाही. ‘चिंकी’ लिहिणाऱ्यांपैकी एकानेही माफी मागितली नाही. त्या तीस अंगठ्यांतला एकही मागे गेला नाही. क्लबचं बाथरूम आता दहा ते एक उघडं असतं. अजूनही महिन्याला एक तक्रार येते, आणि अजूनही दर वेळी कुसुम भांडते. पारुल तिला आता ‘देवी’च म्हणते. ते टोचणं आहे की लाड, कुसुमला कळत नाही, आणि ती विचारतही नाही.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. एप्रिलमध्ये एका सकाळी वैदेहीच्या घरी लहान बाथरूमचं दार उघडं होतं. आत नवा साबण, धुतलेला पंचा. वैदेही ओट्यापाशी येऊन म्हणाली, “कुसुमताई, ते तुमच्यासाठी आहे. केव्हाही.”

कुसुमने लाटणं न थांबवता म्हटलं, “नको ताई, मला लागत नाही.”

आणि मग दोघीही थांबल्या. इतकं सगळं होऊन, भरल्या सभेत बोलून, दोन घरं गमावून, जीभ तेच म्हणाली. आठ वर्षांची सवय. त्याच्या मागे आईची, आजीची, कुणाकुणाची. वैदेहीने फक्त गॅस बंद केला, लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. उद्या सकाळी तुमच्या घरी काम करायला जी येईल, तिला आधी बाथरूम दाखवा, आतली कडी नीट लागते हे दाखवा, आणि मग कामाचं सांगा. तिचा रंग, तिचं नाक, तिचं गाव कुठलंही असो. ती ‘नको, मला लागत नाही’ म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका.